मिनेसोटात भोपळा नेमका कधी लावायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांपूर्वी कोथरूडहून मिनियापोलिसच्या एका उपनगरात आलात. घरामागे चार बाय बारा फुटांचे दोन गादीवाफे आहेत. पहिल्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात बटरनटचं बी टोकलं, एकही उगवलं नाही. गेल्या वर्षी दुकानातून तयार रोपं आणून ८ मेला लावली. ती महिनाभर जागची हलली नाहीत, मग वेल सुटले, ऑगस्टमध्ये फळं धरली आणि सप्टेंबरअखेर पहिल्या कडक थंडीत चार हिरवे भोपळे हाती आले. आता विचारताय, नक्की कोणत्या तारखेला लावू, बी लावू की रोप, आणि दुधी होईल का?

तारीख सांगायला माझी काही हरकत नाही, खाली सांगतोच. पण तुमची दोन वर्षं दोन वेगळ्या कारणांनी गेली आहेत आणि एका तारखेने दोन्ही सुटणार नाहीत. पहिल्या वर्षी माती थंड होती. गेल्या वर्षीही माती थंडच होती, पण खरा फटका शेवटाला बसला: फळं धरली तेव्हा पिकायला दिवसच उरले नव्हते. तेव्हा माती कधी तापते, त्यानंतर थंडी परत यायला किती दिवस उरतात आणि तेवढ्या दिवसांत कोणता भोपळा बसतो, असा तुमचा खरा प्रश्न आहे. यातलं पहिलं मोजता येतं, दुसरं अंदाजाने धरावं लागतं आणि तिसरं बियाणाच्या पाकिटावर छापलेलं असतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इथे नवीन आलो तेव्हा स्क्वॉश म्हणजे मला संत्र्याचं बाटलीतलं सरबत वाटायचं. इथले लोक स्क्वॉशचे दोन गट करतात. झुकिनीसारखे कोवळे तोडून खायचे ते उन्हाळी, आणि बटरनट, बटरकप, एकॉर्न, हबर्ड असे साल कडक होईपर्यंत वेलावर पिकवून हिवाळाभर ठेवायचे ते हिवाळी. दोन्ही उन्हाळ्यातच लावतात. त्यातला बटरनट आपल्या बाजारातल्या लाल भोपळ्याचा सख्खा भाऊ, दोघांची वनस्पतिशास्त्रातली जात एकच. घारगे करून पाहा, फरक कळत नाही. (विदर्भातले वाचत असतील तर त्यांचं ते कोहळं. या नावांवरून आमच्याकडे जेवायच्या टेबलावर वाद झालेले आहेत.)

मी मूळचा निफाड तालुक्यातला. हिवाळ्यात ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी दरवर्षी येते ना, तिथला. घरी द्राक्षबाग. पारा पाच-सहा अंशांवर आला की पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. त्यामुळे थंडीचा धाक मला इथे येऊन शिकावा लागला नाही. शिकावं लागलं ते वेगळंच. निफाडला थंडी हवेत असते आणि चार दिवसांत ओसरते, इथे ती जमिनीत मुरलेली असते. हिवाळाभर तीन-तीन फूट गोठलेली जमीन एप्रिलमधल्या चार उन्हाच्या दुपारींनी तापत नाही. इथे मी अठरा हंगाम बाग केली, त्यातली पहिली तीन वर्षं मी तुमच्यासारखाच फसलो.

फसायचं कारणही तेच. मेच्या सुरुवातीला इथे एखादा दिवस ८० फॅरनहाइटचा निघतो. सहा महिने कोंडलेले सगळे बाहेर पडतात. मेचा दुसरा रविवार म्हणजे मदर्स डे, त्या शनिवार-रविवारी रोपांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि दारातच झुकिनी-बटरनटची हिरवीगार रोपं मांडलेली असतात. दुकानात आहेत म्हणजे लावायची वेळ झाली असणार, असं आपण धरून चालतो. दुकानदाराला रोपं विकायची असतात, त्याला माती तापायची वाट बघून चालत नाही.

मग आपण मोबाइलवर शेवटच्या फ्रॉस्टची तारीख बघतो. फ्रॉस्ट म्हणजे रात्रीतून पानावरचं दव गोठून पांढरं होतं ते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसले की आपल्याकडे पेपरात फोटो येतो, तेच. या तारखेबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ती मधली तारीख असते, साधारण निम्म्या वर्षी त्यानंतरही दव गोठतंच. मिनियापोलिस शहरात ती एप्रिलच्या अखेरीकडे येते, कारण डांबर आणि काँक्रीट रात्री ऊब सोडतात. बाहेरच्या उपनगरांत ती मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जाते. तुमचं घर उताराच्या तळाशी असेल तर आणखी पुढे, कारण थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही तारीख हवेची आहे. भोपळा फ्रॉस्टने मरतो हे खरं, पण मे महिन्यात जेवढी रोपं फ्रॉस्टने मरतात त्याच्या कितीतरी पट थंड मातीत बसून वाया जातात. मेलेलं रोप दिसतं, लगेच दुसरं लावता येतं. हे दुसरं दिसत नाही.

आपल्याकडे मृग ७ जूनच्या सुमारास लागतो म्हणून कुणी त्या दिवशी डोळे मिटून पेरत नाही. पाऊस किती झाला, ओल कुठवर गेली, वाफसा आला का, हे बघून पेरतात. मूठभर माती दाबायची, गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला तर तिफण बाहेर काढायची. इथेही हिशोब तोच, फक्त इथे ओल हवी तेवढी असते आणि कमी पडते ती ऊब. ती मुठीत कळत नाही, त्याला थर्मामीटर लागतो.

मातीचा थर्मामीटर दहा-पंधरा डॉलरला मिळतो. घरात मांसात टोचायचा किंवा पनीर करताना दुधात धरायचा असेल तर तोही चालतो, धुऊन घ्या म्हणजे झालं. सकाळी आठच्या सुमारास, जिथे बी लावणार तिथेच, तीन-चार इंच खोल टोचायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. दुपारी चारला मोजू नका. दुपारी वरची माती ७५ दाखवते आणि पहाटे तीच ५२ वर आलेली असते, आणि बी रात्रभर तिथेच असतं. एका दिवसाच्या आकड्यावरही जाऊ नका, ओळीने चार सकाळी बघा आणि पुढच्या आठवड्याचा अंदाजही पाहा. आज २८ एप्रिल, माझ्या वाफ्यात सकाळी ४६ भरलं.

आकडे असे धरा. ६० फॅरनहाइट, म्हणजे १५-१६ सेल्सियसच्या खाली भोपळ्याचं बी जवळजवळ उगवतच नाही. ६० ला उगवलंच तर दोन आठवडे घेतं आणि तोवर निम्मं कुजतं. ६५ ला मी झुकिनी टोकतो. बटरनटसाठी ७० ची वाट बघतो, तेव्हा ते आठवड्याभरात माना वर काढतं. त्याला खरं आवडतं ते ८५ ते ९५, म्हणजे ३०-३५ सेल्सियस. एवढी ऊब घरात देता येते, तिकडे येतोच.

पहिल्या वर्षी उगवलं नाही तेव्हा तुम्ही उकरून पाहिलंत का? मी पाहिलं होतं. बी वरून अगदी शाबूत दिसतं. दोन बोटांत दाबलं की टरफल पचकतं आणि आतून पांढरं पिठूळ पाणी येतं, वास आंबलेल्या पिठासारखा. काही बियांत पांढऱ्या बारीक अळ्या होत्या. ही बी पोखरणाऱ्या एका माशीची अळी. थंड, ओली माती आणि त्यात ताजं शेणखत किंवा अर्धवट कुजलेलं कंपोस्ट असलं की ती हमखास येते. म्हणजे आपण प्रेमाने खत घालायचं, लवकर बी टोकायचं आणि माशीला जेवायला बोलवायचं. माती तापलेली असेल तर बी इतक्या भराभर वर येतं की अळीला फारसा वेळ मिळत नाही.

तयार रोपाची गत वेगळी. गारठलेलं रोप मरत नाही, म्हणूनच फसवतं. रात्री ५० फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे १० सेल्सियसखाली जात राहिल्या की मुळं पाणी ओढायचं जवळपास बंद करतात. खालची जाड दोन पानं फिकट पिवळी पडतात, नवं पान अंगठ्याच्या नखाएवढं येतं आणि तिथेच थांबतं, पान हाताला चामड्यासारखं ताठ लागतं. मी एकदा असं मेच्या सुरुवातीला लावलेलं रोप तीन आठवड्यांनी उपटून पाहिलं. मुळांचा आकार अजून कुंडीचाच होता, चौकोनी. बाहेरच्या मातीत एक पांढरं मूळ गेलं नव्हतं. तुमची रोपं महिनाभर हलली नाहीत म्हणता, ती आतून अशीच होती.

काही वर्षांपूर्वी सामुदायिक बागेतल्या शेजाऱ्याशी माझी पैज लागली. त्यांनी १० मेला झुकिनीची रोपं लावली, मी १ जूनला शेजारच्याच वाफ्यात बी टोकलं. जूनभर ते माझ्या वाफ्याकडे बघून हसायचे. ४ जुलैला दोन्ही वाफे सारखे दिसत होते आणि जुलैच्या मध्याला माझे वेल पुढे होते. इथे जूनमध्ये साडेपंधरा तास उजेड असतो, पुण्यात सव्वातेरा. तापलेल्या मातीत आणि एवढ्या उजेडात भोपळा ज्या वेगाने वाढतो तो पाहिला की मेमधल्या तीन आठवड्यांची किंमत किती कमी आहे ते कळतं. पैजेचा कॉफीचा कप मात्र अजून यायचा आहे.

आता माती लवकर तापवता येते का? येते, आणि तुमचे गादीवाफे असल्याने निम्मं काम झालेलंच आहे, सपाट जमिनीपेक्षा ते लवकर निथळतात आणि लवकर तापतात. उरलेलं आपल्याकडचा जानेवारीत कलिंगड लावणारा शेतकरी करतो तेच करा: खाली मल्चिंग पेपर (मातीवर अंथरायचं प्लास्टिक), वरून क्रॉप कव्हर (रोपांवर झाकायचं पातळ कापड). मेच्या पहिल्या आठवड्यात वाफा भिजवून, काळं प्लास्टिक मातीला अगदी चिकटेल असं ताणून कडा मातीत दाबायच्या. प्लास्टिक आणि मातीच्या मध्ये हवा राहिली तर प्लास्टिक तापतं, माती नाही, पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. नीट ताणलं तर सकाळचा आकडा चार-पाच फॅरनहाइटने वर येतो, म्हणजे साधारण आठवडाभर हातात मिळतो. पारदर्शक प्लास्टिकने माती जास्त तापते, पण त्याखाली गवतही तुमच्या भोपळ्याच्या आधी माजतं. आणि एक करू नका: मेमध्ये वाफ्यावर पेंढा पसरू नका. ओल टिकते, तण कमी होतं, सगळं खरं, पण खालची माती थंडच राहते. पेंढा घालायचाच तर जूनच्या शेवटी.

बी की रोप? मी दोन्ही करतो. झुकिनीला रोपाची गरजच नाही. तिला बियापासून पहिल्या फळापर्यंत ४५ ते ५५ दिवस लागतात, जूनच्या पहिल्या आठवड्यात टोकली तरी जुलैअखेर तुम्ही शेजाऱ्यांच्या दारात झुकिन्या ठेवून पळायला लागाल. बटरनटसारख्या लांब मुदतीच्या भोपळ्याला रोप करावं, पण लहान. घरात बी लावल्यापासून बाहेर लावेपर्यंत अडीच-तीन आठवडे, शक्यतो त्याहून जास्त नाही. भोपळ्याला मुळं दुखावलेली अजिबात खपत नाहीत. टोमॅटोसारखं सहा-आठ आठवडे खिडकीत वाढवलेलं, लांबलचक मानेचं, कळी आलेलं रोप दुकानात दिसायला झकास दिसतं, मात्र लावल्यावर सगळ्यात जास्त रुसतं तेच. दुकानातूनच घ्यायचं असेल तर दोन-तीन खरी पानं (खालच्या जाड दोन पानांनंतर येतात ती) असलेलं सगळ्यात बुटकं रोप उचला.

बी घरात लावताना मी मोड आणून लावतो, मटकीला आणतो तसेच. बी रात्रभर कोमट पाण्यात, सकाळी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात आणि डबा बंद ओव्हनमध्ये, आतला फक्त दिवा लावून. त्या दिव्याची ऊब ८५ च्या आसपास असते. (ओव्हनच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा. आमच्या घरी एकदा पिझ्झ्याच्या आधी बियाणं भाजून निघालं.) तिसऱ्या दिवशी टोकाकडून तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा मोड दिसतो. तो पाव इंचाच्या वर वाढू द्यायचा नाही, मोडला तर बी गेलं. मोडाचं टोक खाली करून चार इंची कुंडीत इंचभर खोल लावायचं.

ही युक्ती मला माझी वाटत होती. मग कळलं की या भागात ती फार जुनी आहे. इथून पश्चिमेला, मिझुरी नदीच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या नॉर्थ डकोटात हिदात्सा या आदिवासी जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या भोपळा पिकवत आले. त्यांच्यातल्या बफेलो बर्ड वूमन या बाईंनी आपल्या शेतीची पद्धत गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकाला तपशीलवार सांगितली आणि मिनेसोटा विद्यापीठाने ती १९१७ मध्ये छापली. त्यांच्याकडच्या बायका भोपळ्याचं बी ओलं करून, पाल्यात मिसळून, बायसनच्या कातड्यात गुंडाळायच्या आणि घरात उबेला टांगायच्या. मोड आला की मग शेतात. आणि तेव्हा दिवस कोणते असायचे? मेचा शेवट, जूनची सुरुवात. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता.

आता दुसरं टोक, जिथे गेल्या वर्षी तुमचा घात झाला. तुमच्या उपनगरात पहिला फ्रॉस्ट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धरून चाला, शहरात आणखी आठ-दहा दिवस मिळतात. बटरनटच्या पाकिटावर १०५ दिवस लिहिलेलं असतं. १ जूनला बी टोकलं तर १०५ दिवस १४ सप्टेंबरला भरतात. वाचायला बरं वाटतं, पण ते दिवस चांगल्या उबेचे असतात आणि इथे ऑगस्टच्या शेवटी रात्री ५० च्या घरात येऊ लागतात. मी पाकिटावरच्या आकड्यात सरळ दोन आठवडे मिळवतो. म्हणजे २८ सप्टेंबर. आला ना फ्रॉस्टच्या तोंडात? म्हणून घरात रोप करून वाचणारे दहा-बारा दिवस बटरनटला लागतात. झुकिनीला ते वाया, बटरनटला ते मोलाचे.

उलट बाजूनेही मोजून बघा. हिवाळी भोपळ्याचं मादी फूल फळल्यापासून फळ पूर्ण पिकायला ५० ते ६० दिवस लागतात. २५ सप्टेंबरपासून ५५ दिवस मागे गेलात की १ ऑगस्ट येतो. त्यानंतर धरलेलं बटरनटचं फळ पिकणं जवळपास नाहीच, ते फक्त वेलाचं अन्न खातं. तुमची चारही फळं ऑगस्टमधली, म्हणून हिरवी. मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मन घट्ट करून प्रत्येक वेलावर दोन-तीन चांगली फळं ठेवतो आणि बाकीची बारकी फळं आणि वेलाचे शेंडे खुडून टाकतो. नर फुलांची भजी होतात आणि कोवळ्या फळांची भाजी, तेवढंच समाधान. जुलैत मादी फुलं आली आणि सकाळ पावसाळी-गार असली तर मधमाश्या फिरकत नाहीत. अशा वेळी नऊच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, मादी फुलाच्या मधोमध फिरवा. जुलैतलं एक फळ वाचलं तर ते ऑगस्टमधल्या पाचांपेक्षा भारी.

आणि बटरनटचाच हट्ट का? एकॉर्न ८० ते ९० दिवसांत तयार होतो, तो ५ जूनला बी टोकूनही निवांत पिकतो. बटरकपला ९५-१०० दिवस लागतात, पण तो निघालाच मुळी नॉर्थ डकोटाच्या कृषी महाविद्यालयात, साधारण १९३० च्या सुमारास, अशाच आखूड उन्हाळ्यासाठी. गर कोरडा, गोड, रताळ्यासारखा. घारग्यांना गूळ कमी लागतो. या वर्षी एका वाफ्यात बटरकप आणि दुसऱ्यात बटरनट लावून बघा, पुढच्या वर्षी मला विचारायची वेळ येणार नाही.

उशिरा लावण्याचा इथे एक भलताच फायदाही आहे. खोडात शिरणारी एक अळी आहे. तिचा पतंग दिवसा उडतो, पोट नारिंगी, लांबून गांधीलमाशीच वाटतो. मिनेसोटात तो जूनच्या उत्तरार्धापासून जुलैभर झुकिनी-हबर्डच्या खोडाच्या बुडाशी अंडी घालतो. एक दिवस धडधाकट वेल दुपारी मान टाकतो आणि बुडाशी लाकडाच्या भुशासारखा चोथा दिसतो, तेव्हा उशीर झालेला असतो. बटरनटचं खोड भरीव असल्याने त्याला हा त्रास फार कमी होतो. झुकिनीसाठी मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुसरी लावणी करतो. ती मोठी होईपर्यंत पतंगाची अंडी घालून झालेली असतात, आणि माझी सप्टेंबरमधली स्वच्छ झुकिनी या उशिराच्या लावणीचीच असते.

हे सगळं मिनेसोटाचं झालं. सिएटल, आयर्लंड किंवा स्कॉटलंडमध्ये कुणी असेल तर त्यांचं दुखणं वेगळं. तिथे उन्हाळाच गार, माती जूनमध्येही जेमतेम ६० ला पोचते. तिथे थेट बी टोकण्याचा नाद सोडा, सगळं रोपावर करा, मेअखेर किंवा जूनमध्ये दक्षिणेच्या भिंतीलगत लावा आणि झुकिनी किंवा लवकर येणाऱ्या लहान भोपळ्यांवर समाधान माना. जर्मनीत ११ ते १५ मेच्या ‘थंडीच्या संतांचे’ दिवस उलटल्याशिवाय नाजूक रोप बाहेर काढत नाहीत, तो नियम फ्रॉस्टपुरता चांगला आहे, मातीपुरता नाही. माझा स्वतःचा खिडकीतून दिसणारा नियम लायलॅक या फुलझुडपाचा. आमच्या गल्लीतली लायलॅकची फुलं सुकून तपकिरी व्हायला लागली की थर्मामीटर जवळपास नेहमी ६५ दाखवतो. हे झुडूप दरवर्षीच्या हवेप्रमाणे मागेपुढे होतं, कॅलेंडर होत नाही.

तर तुमच्या दोन वाफ्यांसाठी, चालू हंगामापुरतं. या आठवड्यात थर्मामीटर आणा आणि बी मागवा. ५ मेच्या सुमारास काळं प्लास्टिक अंथरा. ८ ते १० मेला बटरनट आणि बटरकपला मोड आणून कुंड्यांत लावा. २० मेपासून आठवडाभर रोपं दिवसा बाहेर आणि रात्री आत, आधी सावलीत तासभर, मग हळूहळू उन्हात. घरातलं पान पहिल्याच दिवशी उन्हात ठेवलंत तर पांढरं भाजतं. मेचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे, त्यानंतर सकाळचा आकडा चार दिवस ६५ च्या वर आणि रात्री ५० च्या वर असतील तर प्लास्टिकला चिरा देऊन रोपं लावा, दोन रोपांत तीन-चार फूट. नसतील तर थांबा. २ जून झाला तरी थांबा, ५ झाला तरी. वरून पांढरं क्रॉप कव्हर कमानींवर घाला, रात्रीची ऊब राहते आणि पिवळे-काळे पट्टेवाले भुंगेरे कोवळी पानं खात नाहीत. पहिलं मादी फूल दिसलं की कव्हर काढायला विसरू नका, नाहीतर आत मधमाशी जाणार कशी? कडेला झुकिनीच्या चार बिया जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणखी चार जुलैच्या पहिल्या आठवड्यात.

राहिला दुधी. बाकी सगळे भोपळे मूळचे अमेरिका खंडातले, त्यांना इथली थोडीफार सवय तरी आहे. दुधी मात्र पक्का उष्ण हवेचा, ६५ च्या मातीत तो ढिम्म हलत नाही, ७० च्या वरच लावा. त्याचं कवच टणक असतं म्हणून मोड आणण्याआधी बियाच्या टोकाला नेलकटरने किंचित छेद द्या. कोवळाच तोडायचा असल्याने पिकण्याची चिंता नाही, एवढा एक दिलासा. मी गॅरेजच्या दक्षिणेच्या भिंतीला मांडव करतो, काळ्या प्लास्टिकवर, ५ जूनच्या पुढे. चांगल्या वर्षी ऑगस्टच्या मध्यापासून आठ-दहा दुधी मिळतात, गार वर्षी तीन. फुलं रात्री उमलतात आणि इथे ती फळवायला फारसं कुणी येत नाही, त्यामुळे संध्याकाळी सातनंतर हाताने फळवावी लागतात. शेजारी विचारतात, टॉर्च घेऊन वेलात काय शोधताय?

उद्या सकाळी आठला दोन्ही वाफ्यांतली माती मोजा आणि आकडे कळवा. वाफे घराच्या कोणत्या बाजूला आहेत, जवळ मोठं झाड आहे का आणि गेल्या वर्षी त्यात कोणतं खत घातलं होतं तेही लिहा. सावली असेल तर वरच्या सगळ्या तारखा बदलतील.